हॉलमधला वेताळ

बाबा शाळेतून रिटायर झाले आणि त्याच पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखलं. नाशिकला नेलं, स्टेंट टाकली, सगळं नीट झालं. डॉक्टर म्हणाले चाला, तेल कमी करा, आणि उठायला लागले तेवढ्यात आईनं विचारलंच, "आणि बोहाड्यात नाचले तर?" डॉक्टरांना बोहाडा माहीत नव्हता. मी मोबाईलवर व्हिडिओ लावून दिला. लाकडाचा हा एवढा मुखवटा तोंडाला बांधलेला, सांबळ वाजतंय आणि माणूस धूळ उडवत नाचतोय. डॉक्टरांनी अर्धाच बघितला. म्हणाले, हे आता बंद.

तर आमच्या घरात वेताळाचं सोंग आहे. खोडाळ्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथे एकेका घराकडे एकेका देवाच्या सोंगाचा मान असतो, आमच्याकडे वेताळ. आधी आजोबा, मग बाबा. वर्षभर तो मुखवटा माळ्यावर असायचा, धोतरात गुंडाळलेला आणि तोंड भिंतीकडे. चैत्र-वैशाखात बोहाड्याची जत्रा आली की खाली उतरायचा, पूजा व्हायची, बाबा तो बांधायचे, आणि एकदा बांधला की ते आमचे बाबा नसायचे. आईसुद्धा पाया पडायची.

आईला आता एवढंच हवं होतं, की येत्या बोहाड्यात बाबा घरात बसलेले असावेत. आणि माणूस बसावा असं वाटत असेल तर बसायला झकास जागा पाहिजे, हे तिचं लॉजिक. म्हणून तिनं हॉल करायला घेतला. मी तर एवढी खूश झाले की जव्हारच्या ऑफिसमध्ये बसून दिवसभर तिला पीव्हीसी पॅनलचे फोटोच पाठवत होते. शहाबादी फरशी निघाली, टाइल्स आल्या, समुद्री हिरवा रंग आला (तो माझा), टीव्हीमागे लाकडासारखं पॅनल, नवा सोफा, आणि बाबांसाठी पाय वर होणारी ती खुर्ची. जव्हारचे मिस्त्री चाचा ती बसवताना म्हणाले, "सर, इसमें बैठले की उठायचं नाव नाही घेणार तुम्ही." आई म्हणाली, "तेच तर पाहिजे चाचा."

बाबांनी एकच अट घातली. वेताळ हॉलमध्ये लावायचा.

"माळ्यावर धूळ खातोय. रिसॉर्टवाले बघ, विकतचे मुखवटे लावतात. आपला तर खरा आहे," बाबा म्हणाले.

मला आयडिया भारी वाटली, खोटं कशाला बोलू. खालून एक पिवळा लाइट पण मीच सुचवला. चाचांनी भिंतीला भोकं पाडली, पण मुखवटा स्वतः उचलला नाही. "वो आप लगाओ," म्हणाले आणि सामान भरायला लागले.

लोक हॉल बघायला यायचे. दारात चपला काढायचे, आत येऊन वर बघायचे, हात जोडायचे आणि खाली टाइल्सवर बसायचे. सोफ्यावर कुणीच बसेना. वेताळासमोर पाय लोंबकळवत कोण बसणार? शेजारची काकू आईला म्हणाली, "तुझा हॉल बेस झालाय गं, पण ह्यात चहा कसा प्यायचा?" सोफ्याचं प्लास्टिक तसंच राहिलं. आईपण स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवायची.

बाबा मात्र बसायचे. दुपारी जेवण झालं की त्या खुर्चीत, वेताळाच्या बरोब्बर समोर. टीव्ही चालू, आवाज बंद. एका रविवारी मी आत आले तर त्यांचे पाय हलत होते. आधी वाटलं मुंग्या आल्या असतील. पण नाही, ती बोहाड्याची पावलं होती, दोन पुढे, एक मागे, टाच आपटून थांबा. कंबरेच्या वर बाबा अगदी स्वस्थ.

"बाबा, पाय."

त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्या कुणाचे तरी पाय बघावेत तसं. मग पाय थांबले.

चैत्र लागला तसं ते वाढत गेलं. दुपारी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नाही, पंख्याचा आवाज तेवढा, आणि त्यात ती टाच. मी लाइट काढून टाकला तर वेताळाचे डोळे उलट जास्तच आत गेल्यासारखे दिसायला लागले. आणि बाबांना बसल्या बसल्या धाप लागायची. शर्ट पाठीला चिकटलेला, कपाळावर घाम. त्यांनी नाचू नये म्हणून आईनं बसवलं होतं आणि ते बसून नाचत होते.

"उतरवा त्याला. परत माळ्यावर ठेवू," आई म्हणाली.

"आता तो बांधायलाच उतरेल," बाबा म्हणाले. रागानं नाही, अगदी साधं, पाणी तापलंय सांगावं तसं.

मग आई उठली आणि तडक माझ्या चुलतभावाकडे गेली. मीही मागे. तो मोखाड्याला क्लार्क आहे, सोंगाबिंगात कधीच नव्हता, बोहाड्यात जिलेबीच्या गाडीजवळ सापडतो.

"काकू, मी स्वतःच्या लग्नात नाचलो नाही," दादा म्हणाला. "बायको अजून बोलते."

"मग आता नाच. तुझे काका मरतील रे," आई म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तो चहा अर्धा टाकून उठला.

दुपारीच आला. सोबत सांबळवाला म्हातारा. बाबांनी स्वतः भिंतीवरचा मुखवटा काढला, दादाच्या तोंडाला लावला, मागे पट्टी आवळली, आणि जाऊन खुर्चीत बसले. म्हातारा म्हणाला, "आधी नुसता उभा राहा, सवय होऊ दे," आणि हलकेच सांबळावर टिपरू टेकवलं.

दादा नाचला. चुकतमाकत वगैरे काही नाही. खांदा उतरवून मान वळवायची ती लकब, गिरकीच्या आधी हवेत क्षणभर धरलेला हात, सगळं बाबांचं. म्हाताऱ्याचं टिपरू एकदा अडखळलं, दादाचं पाऊल नाही. मी खुर्चीकडे बघितलं. बाबांचे पाय टाइल्सवर शांत ठेवलेले होते, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. आई कधी पुढे झाली कळलं नाही. ती त्यांच्या नाकाखाली तळहात धरून उभी होती, आणि सांबळ वाजत होतं, आणि तिचा हात हलत नव्हता.

सांबळ थांबल्यावर बाबांनी डोळे उघडले. "झोप लागली गं," म्हणाले. "चहा टाक ना."

आईनं चहा टाकला. मग तिनं सोफ्याचं प्लास्टिक टराटरा ओढून काढलं आणि पाय वर घेऊन बसली. मुखवटा धोतरात गुंडाळून दादाच्या पिशवीत होता. ह्या वर्षी तो त्याच्या घरून निघणार, असं बाबांनीच म्हाताऱ्याला सांगितलं.

दादा ओट्यावर बसला होता, भिजून गेलेला. मी त्याला कप दिला, शेजारी बसले. विचारल्याशिवाय राहवेना.

"कसं वाटलं रे आत?"

त्यानं चहावर फुंकर मारली.

"गरम होता," म्हणाला. "तोंडाला लागला तेव्हाच. काकांनी आत्ताच स्वतःच्या तोंडावरून काढून दिल्यासारखा."