जर्मन चर्चच्या तळघरातली मराठी उपासना

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आलो ते माझ्या नोकरीमुळे. मी नर्स. आधी मी आले, मागोमाग नवरा आणि मुलगी. नगर जिल्ह्यात माझा नवरा चर्चचा पाळक होता. रस्त्याने निघाला की लोक थांबून ‘सलाम, पाळकसाहेब’ म्हणायचे. इथे तो मला ड्यूटीवर सोडायचा, डबे करायचा आणि दुपारभर खिडकीशी बसून राहायचा. त्याचं बोलणं कमी होत गेलं तशी मला भीती वाटायला लागली.

म्हणून त्याने मराठी मंडळी, म्हणजे आपल्या भाषेतलं छोटं चर्च, सुरू करायचं मनावर घेतलं तेव्हा मी देवाचे आभार मानले. आयटीतली काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं ओळखीची झाली होती. गावातल्या एका जुन्या चर्चने रविवारी दुपारी तळघरातला हॉल वापरायला दिला. पेटी आमच्याकडे होतीच, तबला कोणीतरी भारतातून येताना आणला. पहिल्या उपासनेला नवऱ्याचा आवाज असा खुलला, की मला रडू आवरेना.

मागच्या खुर्चीवर एक गोरी म्हातारी बसली होती. एक शब्द कळत नसताना शेवटपर्यंत बसली. नंतर चहा घेताना म्हणाली, हे चर्च तिच्या आजोबांनी सुरू केलं. ते जर्मनीहून आलेले पाळक. भोवतालचे शेतकरी जर्मन, उपासनाही जर्मनमध्येच. ती लहान असताना तरुण आईबाप म्हणायला लागले, मुलांसाठी इंग्रजी हवं. आजोबा ऐकेनात. मंडळी फुटली. तिचे वडीलसुद्धा दुसऱ्या चर्चमध्ये गेले.

“आणि आजोबा?” नवऱ्याने विचारलं.

“वडिलांशी पुन्हा कधी बोलले नाहीत.”

“आमच्याकडे तसं नाही व्हायचं,” नवरा हसून म्हणाला. म्हातारी हसली नाही. पण त्यानंतर ती बऱ्याच रविवारी येत राहिली.

वर्षभरातच तबला आणणारा गृहस्थ चहाच्या वेळी पुढे आला. “पाळकसाहेब, राग मानू नका. मुलांना काही फॉलो होत नाही. दर रविवारी गाडीत भांडणं. अर्धी उपासना इंग्रजीत केली तर?”

“इंग्रजीत प्रार्थना करायला या गावात जागा कमी आहेत का?” नवरा म्हणाला.

त्याचा आवाज चढला होता. पुढच्या रविवारी ते कुटुंब आलं नाही. मग आणखी दोन गेली, हायवेजवळच्या मोठ्या चर्चमध्ये. तबला तेवढा आमच्याकडे राहिला. वाजवणारं कोणी नव्हतं.

मी घरी म्हटलं, “थोडं ऐका ना त्यांचं.” तो म्हणाला, “तू पण?” आणि जेवता जेवता उठला.

खरा घाव आमच्या मुलीने घातला. दहावीत होती. एका रविवारी ती तयारच झाली नाही. “बाबा, आय डोन्ट प्रे इन मराठी. तू म्हणतोस ते मी नुसतं ऐकते.” नवरा एकटाच पुढे गेला.

त्याच हिवाळ्यात म्हातारीच्या मुलाचा फोन आला. ती नर्सिंग होममध्ये होती. आजारात इंग्रजी पार विसरली होती, फक्त जर्मन बोलत होती, आणि घरात ते कोणालाच येत नव्हतं. “आई तुमच्याकडे आवडीने यायची. एकदा याल का?” आम्ही तिघं गेलो.

ती कोणाकडे तरी बघून सारखं काहीतरी मागत होती. पाणी दिलं, ते नको. पांघरूण दिलं, तेही नको. साठीतला तिचा मुलगा आई, आई म्हणत नुसता रडत होता. नवऱ्याने तिचा हात धरला आणि मराठीत प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. ती थांबली. मग जर्मनमध्ये तीही काही म्हणू लागली. तीच प्रार्थना असावी. आमेन मात्र दोघांचं बरोबर आलं. लगेच ती पुन्हा मागायला लागली. काय हवं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोन दिवसांनी ती गेली.

परतताना मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, “बाबा, तू असा झालास आणि काही मागितलंस, आणि मला कळलंच नाही तर?”

 घरी आल्यावर नवरा बराच वेळ गाडीतच बसून होता.

आता अर्धी उपासना इंग्रजीत असते. नवऱ्याने स्वतः जाऊन गेलेल्यांना बोलावलं. एक कुटुंब परत आलं. तबलेवाल्याने मात्र “आता मुलं तिकडे सेटल झाली, पाळकसाहेब,” असं नम्रपणे सांगितलं. इंग्रजीत बोलताना नवऱ्याचा आवाज लहान होतो, वाक्यं अडखळतात. मला ते ऐकवत नाही. इंग्रजी वाचन आमची मुलगी करते, छान करते. मराठी प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटतात. ती उघडे ठेवते आणि बापाच्या ओठांकडे बघत राहते.