तव्यावरचा हात
ज्वारीची भाकरी करपल्याचा वास आला की मला नर्सिंगचं पहिलं वर्ष आठवतं. त्या दुपारी स्वयंपाकघरात बसून मी पाठ करत होते, की चटका बसला की निरोप आधी मज्जारज्जूत जातो आणि मेंदूला कळायच्या आत हात मागे येतो. समोर आई फडकं न घेता बोटांनीच कडक भाकरी तव्यावर दाबत होती, आणि तिचा हात मागे येत नव्हता. वास मला भाकरीचा वाटला, पण बोट भाजलं होतं. "सवय हाय गं," ती म्हणाली. सुनेला घेऊन बसायला आलेल्या शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "बघ, ह्याला म्हणतात बाईचा हात." त्या दोघी गेल्यावर मी आईला डोळे मिटायला लावले आणि पेनाचं टोक तिच्या बोटावर दाबलं. "टोचतंय का?" ती हसली. "आधी टोच तरी की." मी दाबतच होते. पुढे तपासणीत साखर निघाली; तिच्या बोटांतले मज्जातंतू केव्हाच बधिर झाले होते. आता ड्युटीवरून दमून आल्यावर भाकऱ्या मीच करते. चटका बसतो, हात आपोआप मागे येतो आणि आई विचारते, "लागलं का गं?" लागलं, म्हटलं की तिला बरं वाटतं.