रेंज नसलेल्या घरापर्यंत

बसूदादा गेल्याची बातमी मला आमच्या सेविका राधामावशींनी दिली, आणि तीही प्रश्न म्हणून. "ताई, दादाला कवापास्नं फोन लावतीय, उचलंनात. कुणी काय बी बोलायलंय... खोटं हाय ना?" माणूस गेल्याची खात्री करायला त्यांनी त्याच माणसाला फोन लावला होता. मला नवल वाटलं नाही. आमच्या सगळ्या सेविका अडचण आली की आधी तोच नंबर लावायच्या. मी उमरग्याकडच्या त्यांच्या गावी फोन केला. मागून कानडीतलं रडणं ऐकू आलं, आणि विचारण्यासारखं काही उरलं नाही. अंगणात छातीत कळ आली, दवाखाना गाठताच आला नाही. चाळिशीसुद्धा झाली नव्हती.

आमची संस्था अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन सेवा करते. सेविका अंग पुसतात, कूस बदलून देतात, जखमा धुतात आणि प्रत्येक भेटीची नोंद मोबाइलवर करतात. त्या नोंदी धाराशिवच्या ऑफिसात तपासायच्या, सेवा कुठं कमी पडते ते शोधायचं आणि वर सगळ्यांचे बिघडलेले मोबाइलही चालू करून द्यायचे, हे बसवराजदादांचं, म्हणजे आमच्या बसूदादांचं काम. त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकून आम्ही हसायचो. "मावशी, वर कोपऱ्यात सेटिंगचं चाक दिसतंय का?" पलीकडून राधामावशी म्हणायच्या, "चाक न्हाय बाबा, फूल दिसतंय." "व्हय, तेच फूल. नुसतं दाबा, देवाला वाहू नका."

मी तिथं अहवाल लिहायच्या कामाला लागले. वडील चळवळीतले, उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळं अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडं जातो. दादा मला 'पत्रकबाई' म्हणायचे. मला राग यायचा, त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून जास्तच म्हणायचे.

एका महिन्यात त्यांनी नोंदींचा नकाशा काढला. नोंदीचा फॉर्म जिथं उघडला जातो, ती जागा आणि वेळ आपोआप टिपली जाते. येडशीच्या बाजूच्या सेविकांचे ठिपके गावांत नव्हतेच. सगळे हमरस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलावर गोळा झालेले, तेही संध्याकाळी, एकापाठोपाठ एक. संस्थेच्या साहेबांनी नकाशा पाहिला आणि लगेच निकाल दिला. "चहा पीत बसतात आणि खोट्या भेटी लावतात. येडशीच्या सगळ्यांना काढा. नोटिसा टाइप करा." राधामावशींचं नाव त्यात पहिलं होतं. त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. मी तिथंच पत्रक लिहायला घेतलं. घाम गाळणाऱ्यांना चोर ठरवणाऱ्यांचा निषेध, वगैरे. दादांनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"भाषा झकास हाय," ते म्हणाले. "पण त्या खरंच जात नसल्या तर?"

मी भडकले. "तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे? साहेबांच्या की बायांच्या?"

"जो पडून हाय त्याच्या. पत्रक उद्या काढ, पत्रकबाई. आज गाडीवर बस."

सेविकांना न सांगता जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला ती हेरगिरी वाटली आणि रस्ताभर मी ते बोलून दाखवलं. रामलिंगाच्या जंगलापलीकडं एका पत्र्याच्या घरासमोर गाडी थांबली. आत खाटेवर एक आबा होते आणि राधामावशी कोपरापर्यंत साबणात. मोबाइल खुंटीवरच्या पिशवीत. "अगं बया, दादा! इकडं कुठं?" दादांनी सरळ विचारलं, "मावशी, इथली नोंद इथं का करत न्हाय?" मावशींना प्रश्नच कळेना. "तुमीच तर म्हनला, रेंज नसल तिथं फॉर्म उगडूच नका, अर्धवट जातंय. मग आमी समद्या जाताना हॉटेलापाशी थांबतो. तिथं रेंज फुल. चा बी घेतो, कशाला खोटं बोलू?"

दादांचा चेहरा उतरला... त्यांनी कधीतरी फोनवर घाईत दिलेला सल्ला या बायांनी नेमानं पाळला होता, आणि त्यातूनच त्या चोर ठरल्या होत्या. खाटेवरून आबांनी विचारलं, "ह्यो कोन? डॉक्टर का?" मावशी म्हणाल्या, "न्हाय, मोबाइलवाला." "मग हुबा का ऱ्हायलाय? खांद्याला धर म्हनाव, पाठ आग मारायलीय." दादांनी बाह्या वर केल्या आणि आबांना कुशीवर वळवलं.

राहिलेली घरंही आम्ही पाहिली. सगळीकडं भेटी खऱ्या होत्या. मग बैठकीत दादा साहेबांसमोर उभे राहिले. "नकाशा खरा आहे. त्याचा अर्थ आपण चुकीचा लावला. बायांना हॉटेलापाशी पाठवणारा मी. नोटीस द्यायची तर माझ्या नावानं टाइप करा." साहेब चिडून म्हणाले, "तुमच्या आकड्यांवर आम्ही एवढा विश्वास ठेवायचा आणि तुम्ही...?" दादा म्हणाले, "ठेवू नका. एकदा घरी चला. आबांना वळवायला माणूस कमीच पडतोय." कुणीतरी हसलं आणि नोटिसा बारगळल्या. पुढं त्यांनी फॉर्म रेंजशिवाय चालेल असा केला, आणि एक शिरस्ता घालून दिला: नोंद संशयास्पद दिसली की कुणावर ठपका ठेवण्याआधी कुणीतरी त्या घरी जायचं.

दादा गेल्यावर हा शिरस्ता मोडायची भाषा सुरू झाली. नोंद जुळली नाही की सेविकेचं काम आपोआप बंद, अशी नवी यंत्रणा आणायचं घाटत होतं. मी बैठकीत विरोध केला. साहेब म्हणाले, "मग घरोघर जाणार कोण? बसवराज तर नाहीत." मी म्हटलं, "मी जाईन."

गेल्या आठवड्यात येरमाळ्याच्या बाजूच्या एका घराच्या नोंदी खटकल्या, त्यांची जागा त्या गावातली नव्हती. तिथली सेविका सुनंदा कुठल्यातरी तांत्रिक घोळात अडकली असणार, असं धरूनच मी स्कूटी काढली. मनात तिचा बचावही लिहून झाला होता. घरात आजी ओल्या चादरीवर पडलेल्या होत्या. सून म्हणाली, "बाई लई दिस आलीच न्हाय." कमरेची जखम पाहून मला तिथं उभं राहवेना... पण राहिले. आम्ही दोघींनी आजींना कुशीवर केलं. मग उंबऱ्यावर बसून मी लिहिलं, की नोंदवलेल्या भेटी झालेल्या नाहीत. असलं वाक्य मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

तिथून सुनंदाच्या घरी गेले. तिनं नाकारलं नाही. "त्या गावची एसटी बंद झाली ताई. चालत गेले की बाकीची दोन घरं बुडतेत. बोलायचं कुणाला, दादा तर गेले... मला काढणार का?"

"खोट्या भेटींचं लिहिलंय, ते खोडणार नाही," मी म्हटलं. "एसटीचंही लिहिते. उद्या साहेबांना घेऊन येते, ते दोन्ही वाचतील. काढायची भाषा झाली तर मी तिथं उभी असेन. पण आत्ता धुतलेली चादर घे आणि बस मागं."

तिनं दांडीवरची चादर ओढली, घडी न घालताच काखेत धरली आणि स्कूटीवर बसली.