मायची नारिंगी गोळी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी बदली नांदेडहून तिथल्या कचेरीत झाली. नवं म्हणजे पाटी तेवढी नवी होती. खुर्च्या अपुऱ्या, निम्म्या फायली अजून उस्मानाबादेत अडकलेल्या, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा. पाऊस दोन वर्षं धड पडला नव्हता. माय माझ्याबरोबर राहायला आली आणि येताना छातीतलं दुखणंही घेऊन आली.

नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून कोलेस्टेरॉल वाढल्याचं सांगितलं होतं. तेल-तूप कमी, रोज थोडं चालणं आणि छातीच्या दुखण्यावर सकाळ-संध्याकाळ एक पांढरी गोळी, न चुकता. ती गोळी लातुरातही मिळत असावी, पण मायचा विश्वास नांदेडच्या दुकानावर. म्हणून दर महिन्याला मी एस.टी.नं जाऊन आणत असे आणि वाटभर कुरकुरत असे.

वाचलेलं लगेच दुसऱ्याला शिकवायची मला तेव्हा वाईट खोड होती. कचेरीत पडलेल्या एका मासिकात क जीवनसत्त्वावर मजकूर होता. त्यानं कोलेस्टेरॉल उतरत असावं, हृदयाला फायदा होण्याची शक्यता आहे, असं काहीसं. त्यातलं ‘असावं’ आणि ‘शक्यता’ मी सोयीनं गाळलं. दुष्काळात मंडईत लिंबू दिसेना, पेरूचं तर नावच नको. तेव्हा मी चघळायच्या आंबटगोड नारिंगी गोळ्यांची बाटली आणली आणि मायला म्हणालो, “ही हृदयाला चांगली.” एवढंच बोललो आणि जेवायला बसलो.

मायला ती गोळी फार आवडली. पांढरी कडू होती, ही जिभेवर विरघळायची. दोन महिन्यांत तीन बाटल्या संपल्या आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो.

आमच्या गल्लीत औषधाची देवघेव विरजणासारखी चाले. एकीची डोकेदुखीची गोळी दुसरीच्या सुनेच्या डोक्याला. जवळ असून न देणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं. शेजारच्या म्हातारीच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा माय आपली पांढरी गोळी तिला देऊ लागली. एकदा-दोनदा नव्हे, रोज दोन्ही वेळा. स्वतःला नारिंगी होतीच. मला याचा पत्ता नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं.

एका दुपारी माय न्हाणीच्या दाराशी कोसळली. निरोप मिळून मी दवाखान्यात पोचलो, तेव्हा ती शुद्धीवर होती, पण चेहरा पांढराफटक पडला होता. तिथले तरुण डॉक्टर चिडले होते.

“आजी, गोळ्या बंद का केल्या?”

“बंद कुठं? शेजारणीला देऊन राहिले. तिचं लई दुखायचं, बघवंना. मी दुसरी खात हाय की.” तिनं पदराची गाठ सोडून नारिंगी गोळी दाखवली.

डॉक्टरांनी ती उलटसुलट करून पाहिली. “हे जीवनसत्त्व आहे. तुमच्या गोळीचं काम यानं होत नाही. आणि तुमची गोळी त्या बाईंना चालते का, हे कुणी तपासलं? ही नारिंगी हृदयाची म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त. माय मरता मरता राहिली होती आणि ते माझ्यामुळे झालं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कुणी न्हाई, डाक्टरसाहेब,” ती म्हणाली. “अडाणी बाई मी. माझ्याच मनानं खाल्ली.”

डॉक्टर माझ्याकडे वळले. “तुम्ही शिकलेले दिसता. जरा समजावत जा यांना.”

“हो,” मी म्हणालो.