झोपलेली सायकल आणि म्हैसूरची शर्यत

ऐन दसऱ्याच्या सकाळी म्हैसूरजवळ ट्रायथलॉन ठेवणारा माणूस नक्की बाहेरगावचा असणार. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. नाव नोंदवताना मला हे सुचलं नाही. डोक्यात फक्त आठ महिन्यांचा सराव आणि सुमक्काचा धाक होता.

सुमक्का माझी कोच, फोनवरून शिकवणारी. म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातली, वय बावन्न. कॉलेजात राज्य पातळीवर पोहायची. खांदा दुखावला, बँकेत लागली आणि चाळिशीत ट्रायथलॉनकडे वळली. तेव्हापासून दर शर्यतीत पाण्यातून पहिली हीच बाहेर येते आणि सायकलवर घोटाळा होतो. कधी पंक्चर, कधी चेन, एकदा म्हैस. एकही शर्यत तिने वेळेत संपवलेली नव्हती. आता जलतरण तलावाची समिती तिला मुलांची बॅच द्यायला तयार होती, पण ट्रायथलॉन पूर्ण केल्याचं एक तरी पदक दाखवा म्हणत होती. पोहण्याची कपाटभर पदकं चालणार नव्हती, म्हणून ह्या शर्यतीत तीही उतरली होती.

पुण्याहून बंगळूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. दसऱ्यात म्हैसूरची हॉटेलं तिप्पट भाव सांगतात, त्यामुळे ओळखीचं घर असेल तर संकोच करू नका. गाडी पाच तास उशिरा पोचली. बसस्टँडजवळच्या सायकलवाल्याने पूजेला बसता बसता माझी सायकल जोडून दिली, सीट माझ्या उंचीला लावून.

सुमक्काच्या घरी पोचले तर पूजा उरकलेली. आपल्याकडची खंडेनवमी ती तिथली आयुधपूजा. मिक्सर, शिलाई मशीन, पान्हे, सुमक्काचा पोहण्याचा चष्मा, शिट्टी, सगळे हळदकुंकू लावून ओळीने बसलेले. मधोमध तिची सायकल, झेंडूच्या हारात.

"छान दिसतेय," मी म्हणाले.

"उद्या अकरापर्यंत अशीच दिसणार," सुमक्का म्हणाली. "आप्पांनी झोपवलीय."

आप्पा म्हणजे तिचे वडील, वय एकोणऐंशी. "वर्षभर राबतात बिचारी," ते म्हणाले. "एक दिवस झोपू दे की. उद्या अकराला उत्तरपूजा, मग घे."

"आप्पा, शर्यत साडेसहाला!"

"अय्यो, मग त्यांना सांग, अकराला ठेवा."

गल्लीत विचारून पाहिलं. प्रत्येक सायकल हार घालून झोपलेली. "गुपचूप उचलूया," मी कुजबुजले. सुमक्काने मान हलवली. "नको ग. टी. नरसीपूरला ह्यांनीच मला नदीत ढकललं, पोहायला शिकवलं. एवढं एक ऐकते त्यांचं."

फाटकाबाहेर उभी असलेली माझी सायकल तेवढी जागी होती.

"तू घे," मी म्हणाले.

"कोचने विद्यार्थिनीची सायकल घ्यायची? छे!"

शेवटी ठरलं की ती पाण्यातून आधी येणार, तिने आधी न्यायची, परत आली की मी. फक्त मी तिच्याहून वीतभर उंच. सीट खाली करायला माझ्या पिशवीत पान्हा शोधला, तर आप्पांनी तो केव्हाच पूजेत बसवला होता. "त्याला एकट्याला का वगळायचं?"

सकाळी शर्यतीच्या ठिकाणी मेकॅनिक होता. त्याची हत्यारं दुकानात झोपलेली. आयोजकाने नियमांचे कागद उलटसुलट चाळले. "एका सायकलवर दोघींनी एकत्र बसू नये, असं आहे. एकीनंतर एकीने बसू नये, असं कुठे दिसत नाही."

सुमक्का चष्म्याशिवाय पोहली आणि लालभडक डोळ्यांनी पहिली बाहेर आली. बुटांना तेवढी पूजेतून सुट्टी होती, ते चढवून ती निघाली. सीटवर बसून पाय पोचेनात, म्हणून उभ्यानेच. मी पाण्यातून येऊन टॉवेल गुंडाळून रस्त्याकडेला बसले. अख्खी शर्यत माझ्यासमोरून गेली. एका स्वयंसेवकाने मला प्रेक्षक समजून केळं दिलं.

तासाभराने ती भाताच्या शेतांमधून येताना दिसली, अजून उभीच. सायकल माझ्या अंगावर ढकलून ओरडली, "घे! निघ! पाय गेले माझे," आणि त्याच पायांनी धावत सुटली.

सायकलचे वीस किलोमीटर करून मी परतले तेव्हा शर्यतीची कमान उतरवत होते. वेळ संपली होती. सुमक्का गळ्यात पदक घालून उभी. तिने चार मिनिटं राखून संपवली होती.

"आयतु, झालं," ती म्हणाली. "आता तुझं धावणं."

"अक्का, शर्यत संपली."

"तुझी कुठे?"

पाच किलोमीटर ती पुन्हा धावली, माझ्या शेजारून. शिट्टी झोपलेली, म्हणून तोंडाने शीळ घालत.

घरी आलो तर अकरा वाजून गेले होते, पण उत्तरपूजा व्हायची होती. "तुझ्यासाठी थांबलो," आप्पा लेकीला म्हणाले. पदक हातात घेऊन त्यांनी उलटंपालटं पाहिलं, सायकलच्या हँडलला अडकवलं आणि कुंकू लावलं. मग माझ्या सायकलसमोर थांबले. "ही तर झोपलीच नाही." तिलाही कुंकू लागलं.

पुण्यात येऊन महिना झाला. निकालात माझं नाव नाही आणि पान्हा म्हैसूरलाच राहिला. तुम्ही दसऱ्यात गेलात तर तुमचा खिशात ठेवा. सुमक्काच्या बॅचला अकरा मुलं आली आहेत. काल रविवार म्हणून मी सराव बुडवला, तर आप्पांचाच फोन.

"काय ग, झोपलीस? तुझी पूजा झाली नाहीये. ऊठ."