माझ्या लग्नात कान पिळायला भाऊ होता, तो जाधव मॅडममुळं

जाधव मॅडम फुकटच्या वकील, म्हणून आमच्या घरात त्यांच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

आज सकाळी साताऱ्यात त्या गेल्या. हार्ट अटॅक.

ज्यांना वकील परवडत नाही, त्यांचा बचाव करायला सरकार वकील देतं. त्या ऑफिसात मॅडम होत्या.

त्यांची गाठ पडली तेव्हा माझं लग्न आठवड्यावर आलेलं, आणि भाऊ विनू जेलमध्ये.

गुन्हा काय? सामाईक विहिरीवरची मोटार जळाली. यानं ती काढून मलकापूरला वाइंडिंगला टाकली. चुलत्यांना विचारलं नाही. आमच्याकडं विचारतंय कोण? आधी काढायची, मग सांगायचं.

चुलत्यांनी चोरीची फिर्याद दिली. भाऊबंदकी, दुसरं काय.

आई म्हणाली, "भाऊ न्हाई तर कान कोण पिळणार नवरदेवाचा? लगीन पुढं ढकला."

मामा माझे रिटायर्ड फौजी. ते ऑफिस बघून म्हणाले, "हितं तर खुर्च्याच रिकाम्या हायत. फुकटात कोण लढतंय?"

खुर्च्यांचं खरंच होतं. करार संपले तसे एकेक वकील सोडून गेले, नवे आलेच नाहीत. सगळ्यांच्या फायली मॅडमच्या टेबलावर.

मॅडमनी ऐकलं. शांतपणे म्हणाल्या, "मामा, खुर्च्या लढत नाहीत. मोटार कुठं टाकली होती ते दाखवा."

कोर्ट सुटल्यावर तशाच मलकापूरला आल्या. मोटार पोलिसांनी नेली होती, पण वाइंडिंगवाला होता की.

मॅडमनी त्याला विचारलं, "मोटार टाकताना विनू काय म्हणाला?"

"चुलत्यांचं बी पाणी अडलंय, लवकर द्या म्हनला व्हता."

ते त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रावर घेतलं आणि विनूच्या जामिनासाठी कोर्टात उभ्या राहिल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी विनू घरी. आई त्याला धरून लय रडली.

दुसऱ्या दिवशी यानं असा कान पिळला की आमचे हे अजून कुरकुरतात.

मॅडमना आमंत्रण द्यायला गेले होते. म्हणाल्या, "मी लग्नं जेवत हिंडले तर दुसरीच्या भावाचं कोण बघणार गं?"

मामांनी परत कधी 'फुकटचा वकील' म्हटलं नाही, कुणाला म्हणूही दिलं नाही. मघाशी त्यांचा फोन आला. "पोरी, आता तिथं कोण हाय?"



मॅडम, तुमच्या टेबलावर आजही कुणाच्या तरी भावाची फाइल उघडी असेल. ती हातात घेणारं कुणीतरी लवकर येऊ दे.

लग्नाला नाही आलात, पण विनूला पाठवलंत. तुमचे उपकार विसरणार नाही.

मनापासून श्रद्धांजली, मॅडम. आता जरा विश्रांती घ्या.