मागच्या रांगेवर नजर

माणसामाणसांत भेदभाव न करता सगळ्यांवर सारखाच संशय घेणारा माझ्या साडूंइतका निःपक्षपाती माणूस मी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात पाहिलेला नाही. पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत त्यांची सगळी नोकरी फाटकावर गेली. आत जाणाऱ्याच्या अंगावर काडीपेटी, विडी, लायटर काही नाही ना, हे चाचपून पाहायचं काम. तिथे ते योग्यच होतं, पण फाटक सुटल्यावरही त्यांच्या हातांना ही गोष्ट कधी कळलेली दिसत नाही. माझ्या लग्नात भर मांडवात त्यांनी मला कडकडून मिठी मारली. मी गहिवरलो, आणि मग लक्षात आलं की ते माझे खिसे तपासताहेत. एक सुपारी सापडली. ती त्यांनी वास घेऊन परत केली. बाजारात वरची वांगी चांगली दिसली की त्यांना खालच्यांची शंका येते, आणि खालचीही चांगलीच निघाली तर मग मात्र ते वांगी घेतच नाहीत.

या गुणाला खरं मैदान मिळालं ते टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत. रोज जेवणाआधी ते खुर्ची ओढून टीव्हीच्या पुढ्यात बसतात आणि स्पर्धकाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. सगळी नजर मागच्या रांगेतल्या प्रेक्षकांवर. "उत्तर कोणाले बी येते," ते मला समजावतात, "तुम्ही खोकलते कोण, ते पाहा." पर्याय वाचले जात असताना कोणी चष्मा पुसला, कोणी मांडी बदलली, की त्यांना चोर सापडतो. झटकन उत्तर देणाऱ्याला ते कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं, उशिरा देणारा इशाऱ्याची वाट पाहत असतो, आणि मध्येच पाणी पिणारा तर उघडउघड सामील. एकदा एक विद्वान प्राध्यापक पहिल्याच प्रश्नाला गारद झाले. हा माणूस तरी प्रामाणिक असेल, असं मी म्हटलं. साडूंनी बराच विचार केला आणि म्हणाले, की इतका शिकलेला माणूस उगाच हरत नसतो, यात मोठं काहीतरी आहे.

कॉलनीतल्या गणेश मंडळानं मुलांची प्रश्नमंजूषा ठेवली तेव्हा देखरेखीला साहजिकच साडू. त्यांनी मुलांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि आयांना मंडपाबाहेर काढलं. बाहेरून एका आईची शिंक ऐकू आली म्हणून तो प्रश्नच रद्द झाला. पुढच्या वर्षी मंडळानं शहाणपणानं लिंबू-चमचा ठेवला. साडू माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लिंबाले डिंक लावून राह्यले."

आणि अशा घरातल्या मुलीला टीव्हीवरच्या त्याच कार्यक्रमातून बोलावणं आलं. माझी ही भाची तेव्हा तळेगावला शाळेत शिकवायची, एसटीत उभ्यानंसुद्धा पुस्तक वाचायची. नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन सुरू झाले. साडूंनी मात्र विचारलं, "इतक्या लोकाईतून तुलेच काऊन बलावलं?" पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिनं माझ्यादेखतच त्यांना विचारलं, "बाबा, मी इमानदारीनं चालली, हे तुम्हाले तरी पटते ना?" साडू चपलेचा पट्टा शिवत बसले होते, ते शिवतच राहिले. मला त्यांचा मनापासून राग आला. तरीही सोबत म्हणून तिनं त्यांनाच नेलं, आणि त्यांना सांभाळायला मला.

मुंबईला स्टुडिओच्या दारावरच्या पहारेकऱ्यानं आमचे खिसे वरवर चाचपले. साडूंना ते पाहवेना. रीतसर झडती कशी घेतात हे त्यांनी माझ्यावर करून दाखवलं, मग आम्ही आत जाऊन बसलो. भाची छान खेळत होती. तेवढ्यात प्रश्न आला, वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्यावर त्या नदीला काय म्हणतात? वर्धेच्या पाण्यात पोहायला शिकलेल्या साडूंचे डोळे लकाकले, आणि नेमका त्याच वेळी त्या एसीच्या गारठ्यानं त्यांना खोकल्याची उबळ आली. तिकडे पर्याय वाचले जात होते. साडूंनी गळ्यातल्या दुपट्ट्याचा बोळा तोंडात कोंबला. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी पाठ चोळायला हात उचलला तर त्यांनी तो घट्ट दाबून धरला, कारण कोणाला तो इशारा वाटला असता. शेवटी ते वाकून, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर निघून गेले. भाचीनं धीरासाठी आमच्याकडे पाहिलं तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती थबकली. मग खाली पाहून म्हणाली, "प्राणहिता." टाळ्या पडल्या. मी बाहेर गेलो तर साडू जिन्यात बसून पोटभर खोकत होते. आत खोकललो असतो तर लोकांनी पोरीला चोर म्हटलं असतं, एवढंच म्हणाले. हे तिला सांगा, असं मी सुचवलं. त्यांनी काही ते सांगितलं नाही.

कार्यक्रम दाखवला त्या दिवशी साडूंच्या घरी अख्खी कॉलनी जमली. तो प्रश्न आला आणि पडद्यावर माझ्या शेजारची रिकामी खुर्ची ठळक दिसली. शेजारचे एक गृहस्थ, साडूंच्याच तालमीत तयार झालेले, म्हणाले, "भाऊ, आत्ता तं तुम्ही इथंच बसून होते. नेमके उत्तराच्या टायमाले कुठं गेलते?" एकदोघं हसली, मग कोणीच हसेना. खोकला आला होता, एवढं सांगितलं की झालं असतं. पण त्या घरात खोकल्यावर विश्वास ठेवणार कोण? भाची चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली. मी साक्ष द्यायला तोंड उघडलं, तर साडूंनी मला हातानं थांबवलं.

"मी कुठं गेलतो, ते राहू द्या," ते म्हणाले. "माही पोरगी बेइमानी करत नाई."

"पण कशावरून?"

"कशावरून काय? मी बाप आहो तिचा."

भाचीनं ट्रे तिथेच स्टुलावर ठेवला आणि ती आत निघून गेली. चहा आमचा आम्हीच घेतला. साडूंनी कपाकडे पाहिलं नाही, टीव्हीकडेही पाहिलं नाही.

आता ती लग्न होऊन लांब गेली आहे. साडू सुधारलेत असं मी म्हणणार नाही, पाणी पिणारा स्पर्धक त्यांच्या लेखी अजूनही सामीलच असतो. पण एखादी मुलगी उत्तराशी अडखळली, की हा माणूस खुर्चीत पुढे सरकतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "सांग बाई, येते तुले. कोणाकडं पाहू नोको." त्या वेळी मला ते फार म्हातारे दिसतात आणि फार आवडतात. ती मुलगी हरली तर ते टीव्ही बंद करून लेकीला फोन लावतात, आणि जेवली का, एवढंच विचारतात.